प्रदर्शन तीन दिवसांचं, मग चित्र बघायचं कधी?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पुण्यात चित्रांचं प्रदर्शन शुक्रवारी भरतं आणि रविवारी रात्री उतरतं. शनिवारच्या पेपरात उद्घाटनाचा फोटो येतो, समई, पाहुणे, शाल, श्रीफळ, आणि ज्या चित्रांसाठी हे सगळं चाललंय ती पाहुण्यांच्या डोक्यांमागे अर्धी झाकलेली. फोटो बघून कुणी ठरवलंच की जाऊया, तर शनिवार कामात जातो, रविवारी पाहुणे येतात, आणि सोमवारी संध्याकाळी ऑफिसवरून तिकडे वळलं तर त्याच हॉलमध्ये साड्यांचा सेल लागलेला असतो. हे मी अतिशयोक्ती करून लिहीत नाहीये, चित्रं बघायची आवड असलेल्या कुठल्याही पुणेकराला विचारा, तो हेच सांगेल.

मला या पत्रातून एवढंच म्हणायचंय की चित्र बघायला वेळ लागतो आणि आपल्या शहरात चित्राला वेळच मिळत नाही.

असं का होतं ते आधी सांगते. शहरातली बहुतेक कलादालनं दिवसाच्या भाड्यावर मिळतात. भाडं चित्रकाराने भरायचं, फ्रेमिंग त्याचंच, टेम्पो त्याचाच, निमंत्रण पत्रिका, चहा-बिस्किटं, सगळं त्याच्याच खिशातून. त्यात तो सासवड नाहीतर बारामतीकडच्या एखाद्या शाळेत ड्रॉइंग टीचर असेल तर रजाही टाकायची. मग तो तीनच दिवस घेणार ना, चौथा दिवस परवडणार कसा? त्या तीन दिवसांतलाही पहिला अर्धा दिवस हुक, साखळ्या, नायलॉनच्या दोऱ्या यात जातो, चित्र तिरकं झालं, खाली घ्या, वर घ्या. आणि शेवटच्या दिवशी पाच वाजले की कोपऱ्यातून बबल रॅप आणि जुन्या चादरी बाहेर निघतात, लोक आत येतायत आणि चित्रं गुंडाळली जातायत. मी एकदा अशीच एका हॉलमध्ये पोचले तर चित्रकार आणि त्याचा भाऊ शेवटची मोठी फ्रेम उतरवत होते. त्यांनी ती माझ्यासाठी पाच मिनिटं परत टेकवून ठेवली भिंतीला. त्या दोघांचे आभार मानावे तेवढे थोडेच, पण पाच मिनिटांत काय दिसणार.

आता कुणी म्हणेल पाच मिनिटं पुरेत की, चित्र आहे, कादंबरी थोडीच आहे. हीच समजूत आपल्याकडे घट्ट बसलीये. चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचं उदाहरण घ्या, जन्म नागपूरचा, १९२४ चा, शिकले मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात, आणि २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइम म्युझियमने त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरवलं. त्यांचं चित्र मोबाईलवर बघितलं तर एक पिवळा नाहीतर राखाडी चौकोन दिसतो, त्यावर थोडे डाग, आणि माणूस पुढे स्क्रोल करतो. मूळ चित्रासमोर उभं राहिलं की पहिली काही मिनिटं तसंच वाटतं. मग हळूहळू लक्षात येतं की हा एक रंग नाहीये, खाली थर आहेत, रोलरने दिलेले, पॅलेट नाइफने खरवडलेले, आणि काही ठिकाणी वर्तमानपत्राचे फाटके तुकडे ओल्या रंगावर दाबून उचललेत त्याच्या खुणा आहेत. खालचा थर वरच्यातून मधेच डोकावतो. हे सगळं दिसायला डोळ्याला आधी थांबावं लागतं, आणि एकदा बघून भागत नाही, परत जावं लागतं, वेगळ्या दिवशी, वेगळ्या मूडमध्ये. तीन दिवसांच्या प्रदर्शनात परत जायची सोयच नाही.

आणि पुणेकरांना थांबून ऐकता येतं, बघता येतं, हे पण मला ठामपणे सांगायचंय. १९५३ पासून आपल्याकडे सवाई गंधर्व महोत्सव चालू आहे. तिथं येणाऱ्या प्रत्येकाला राग ओळखता येतो का? नाही येत. पण माणसं वर्षानुवर्षं जातात, शाल घेऊन बसतात, शेजारचे आजोबा हळूच सांगतात हा मारवा बरं का, आणि दहा वर्षांनी त्याच माणसाचा कान तयार झालेला असतो. सिनेमाचंही तेच. १९६० साली इथं फिल्म इन्स्टिट्यूट आली, १९६४ ला फिल्म अर्काइव्ह आलं, मग सिनेमा कसा बघायचा हे शिकवणारी रसास्वाद शिबिरं झाली, फिल्म क्लब निघाले, आणि आज या गावात रिक्षातसुद्धा इराणी सिनेमावर बोलणारी माणसं भेटतात. म्हणजे प्रेक्षक घडवावा लागतो आणि तो पुण्यात घडतो हे सिद्ध झालंय. गाण्यासाठी केलं, नाटकासाठी केलं, सिनेमासाठी केलं, मग चित्र आणि शिल्प यांनीच काय घोडं मारलंय?

'हे तर माझं पोरगं पण काढेल' हे वाक्य प्रत्येक आधुनिक प्रदर्शनात एकदा तरी कानावर पडतं. मला त्या माणसाचा राग येत नाही. त्याला वर्षातून एकदा, तेही पाहुण्यांबरोबर फिरताना, अचानक एक अमूर्त चित्र समोर दिसलंय, सोबत काही माहिती नाही, विचारायला कुणी नाही, तो दुसरं काय बोलणार. मारवा आयुष्यात पहिल्यांदाच आणि दोनच मिनिटं ऐकला असता तर तेव्हाही तो असंच काहीतरी बोलला असता.

माहितीचा विषय निघालाच आहे तर तेही बोलते. मागे एका प्रदर्शनात एक मोठं काम भिंतभर टांगलेलं होतं, खताच्या रिकाम्या गोण्या उसवून, धुऊन, जोडून केलेलं, त्यावर लाल-निळ्या दोऱ्यांचे टाके. खाली चिठ्ठी, अनटायटल्ड, मिक्स मीडिया, आणि दाराजवळ एक लांबलचक इंग्रजी नोट, इतक्या बारीक अक्षरात की चष्मा लावूनही वाचता येईना. माझ्या पुढे दोन बायका होत्या, साठीच्या असतील, त्या एक नजर टाकून निघाल्याच होत्या. कलाकार तिथंच खुर्चीत बसलेला होता, मराठवाड्यातला मुलगा, त्याला मी मराठीत विचारलं की हे टाके कुणी घातले. तो म्हणाला आईने, ती गोधड्या शिवते, गोण्या आमच्याच शेतातल्या आहेत, ज्या वर्षी पीक गेलं त्या वर्षीच्या. एवढं ऐकल्यावर त्या दोघी मागे फिरल्या. एक अगदी जवळ जाऊन टाक्यांवरून बोट फिरवल्यासारखं करत म्हणाली हा धावदोरा आहे, आणि इथं बघ, इथं हात थकलाय, टाका लांब पडलाय. तो मुलगा उठून उभाच राहिला. म्हणाला हे मला पण दिसलं नव्हतं. पुढचा अर्धा तास त्या तिघांचं जे काही बोलणं चाललं ते त्या इंग्रजी नोटमध्ये शोधून सापडलं नसतं.

माझं म्हणणं असं नाही की प्रत्येक चित्राखाली अर्थ लिहून लावा. काही चित्रांना एक शब्दही नको. पण काम कशाचं केलंय, कुठून आलंय, या दोन ओळी मराठीत, मोठ्या अक्षरात लावायला काय हरकत आहे? कलाकार मराठी, बघणारे मराठी, शहर पुणे. कोरेगाव पार्क, कल्याणीनगर भागातल्या खासगी गॅलऱ्यांमध्ये प्रदर्शनं महिना महिना असतात, तिकीट नसतं, आत गेलं तर कुणी हाकलत नाही, उलट तिथली मुलं आनंदाने माहिती देतात. पण काचेचं दार, सिक्युरिटी आणि आत सगळं इंग्रजीत, हे बघून पेठेतला, सिंहगड रोडचा, हडपसरचा माणूस बाहेरूनच वळतो. सगळ्या वाचकांना सांगते की बिनधास्त दार ढकला, विकत काही घ्यावं लागत नाही.

मुलांचं तर मला जास्तच वाईट वाटतं. महाराष्ट्रात किती पोरं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसतात बघा, स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, सकाळी लवकर उठून क्लासला जातात, दहावीला वाढीव मार्क मिळतात म्हणून आईवडील पण मागे लागतात. माझ्या भाचीला इंटरमिजिएटला ए ग्रेड आली आणि तोपर्यंत तिने एकही मूळ चित्र बघितलेलं नव्हतं. एकही नाही. रंगाचा थर जाड असतो, त्याला वास असतो, ब्रशचा एखादा केस चित्रात अडकून राहिलेला असतो, हे तिला माहीतच नव्हतं. गाण्याच्या परीक्षेला बसलेल्या मुलीने कधी मैफलच ऐकली नाही असं आपण चालवून घेऊ का? शाळांच्या सहली वॉटर पार्कला जातात, जाऊ देत, पण वर्षातून एक दुपार कलादालनात गेली तर खर्च फक्त बसचा आहे. अडचण इथंही तीच येते. शाळेला सहल ठरवायला महिनाभर आधी सगळं लागतं, परवानग्या, पालकांच्या सह्या, आणि प्रदर्शन तीन दिवसांत संपलेलं असतं.

मग ज्यांना खरंच बघायचंय ते सिंहगड एक्स्प्रेस नाहीतर डेक्कन क्वीन पकडून मुंबईला जातात. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून आहे, फुकट आहे, तिथून चालत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेलं की जहांगीर निकल्सन या कापसाच्या व्यापाऱ्याने हौसेने जमवलेला आधुनिक भारतीय चित्रांचा संग्रह आहे, समोर कावसजी जहांगीर हॉलमध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे (सोमवारी बंद असतं, गाडी पकडायच्या आधी वार बघा). भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाने तर एक फार छान गोष्ट केली, जुन्या वस्तूंच्या शेजारी आजच्या कलाकारांना बोलावलं, की या संग्रहाकडे बघून तुम्हाला काय सुचतं ते करा. मला हे बघून लगेच आपलं केळकर संग्रहालय आठवलं. दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी अज्ञातवासींनी, गेलेल्या मुलाच्या नावाने आयुष्यभर जमवलेल्या २० हजारांवर वस्तू, दिवे, अडकित्ते, वाद्यं, कोथरूडहून आणून उभा केलेला मस्तानी महाल, आणि जागेअभावी त्यातला थोडाच भाग मांडलेला. एखाद्या तरुण शिल्पकाराला त्या अडकित्त्यांपुढे महिनाभर बसवा आणि मग त्याने काय केलं ते लोकांना दाखवा. नुसत्या विचारानेच मला हुरूप येतो.

पुण्याला चित्रांची परंपरा नाही असं कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे. १७९० च्या दशकात शनिवारवाड्यात स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्सच्या हाताखाली आपले कारागीर चित्रकला शिकत होते. त्यातला गंगाराम तांबट, पुण्याचा, त्याने पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा समोर बसून काढलाय, कातडीच्या घड्यांसकट, वेरूळच्या लेण्यांची चित्रं काढलीयत. त्यातलं बरंच काम आज अमेरिकेत येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्टमध्ये आहे. पुण्यातल्या गेंड्याचं पुण्यातल्या माणसाने काढलेलं चित्र बघायला पुणेकराने अमेरिकेला जायचं! पुढे १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी चित्रशाळा काढली आणि तिथं छापलेली चित्रं घरोघरच्या भिंतींवर लागली. भिंतीवरचं चित्र रोज दिसतं, जेवताना, दिवे लावताना, वर्षानुवर्षं, तेव्हाच्या लोकांना चित्राबरोबर राहायची सवय होती.

आणि संग्रह करायला फार मोठं राज्य लागतं असंही नाही. सातारा जिल्ह्यातलं औंध, पुण्यातलं औंध नव्हे, एवढंसं संस्थान. तिथल्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये टेकडीवर संग्रहालय बांधलं, त्यात रविवर्मा, धुरंधर या चित्रकारांची चित्रं आहेत, आणि हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचं आई आणि मुलाचं दगडी शिल्पसुद्धा आहे. खटाव तालुक्यात हेन्री मूर! ज्यांनी बघितलं नसेल त्यांनी एक रविवार काढून जाऊन यावं, पुण्याहून सकाळी निघालं तर रात्री घरी परत येता येतं. एका छोट्या संस्थानिकाला जमलं ते आजच्या पुण्याला का जमू नये? शहराने दर वर्षी इथल्या कलाकारांची दोन-चार कामं विकत घ्यावीत, एका जागी कायमची लावावीत, एवढं जरी केलं तरी वीस वर्षांनी शहराकडे स्वतःचा संग्रह असेल आणि सहल कधीही काढता येईल. २०१३ ला पुणे बिएनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन, सुरू झालं, २०१५ ला झालं, २०१७ ला झालं, तेव्हा जगभरातले कलाकार इथं आले होते, वाटलं होतं आता गाडी रुळावर आली. त्या तोलाचं नंतर काही माझ्या तरी बघण्यात आलेलं नाही.

इथं मला डॉ. सुधीर पटवर्धनांचं नाव आदराने घ्यावंसं वाटतं. जन्म पुण्याचा, डॉक्टरकी शिकले एएफएमसी या लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात, ठाण्यात एक्स-रे काढता काढता चित्रं काढली, लोकलमधली माणसं, कामगार, उपनगरातल्या गल्ल्या. त्यांनी २००८-०९ मध्ये देशातल्या महत्त्वाच्या समकालीन चित्रकारांची कामं एकत्र करून महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या शहरांत फिरवली, म्हणजे जिथं अशी चित्रं कधी पोचत नाहीत तिथल्या लोकांनाही ती समोर उभं राहून बघता यावीत. एका चित्रकाराने मनावर घेतलं तर एवढं होतं. तसंच आजच्या पिढीचा प्रभाकर पाचपुते, चंद्रपूरकडचा, घर कोळसा खाणीतल्या माणसांचं, आणि चित्र काढतो तेही कोळशाने, कधी कधी थेट भिंतीवर, डोक्याच्या जागी दिवे नाहीतर यंत्रं असलेली खाणकामगार माणसं. २०२१ मध्ये वेल्सचं आर्तेस मुंडी हे आंतरराष्ट्रीय पारितोषिक ज्यांना विभागून मिळालं त्यात तो होता. किती मराठी घरांत त्याचं नाव माहीत आहे? याची जबाबदारी थोडी आपल्या पेपरांवरही येते म्हणून हे पत्र तुम्हाला लिहितेय.

पंढरपुरात जन्मलेल्या चित्रकार एम. एफ. हुसेन यांचं 'ग्रामयात्रा' हे चित्र मार्च २०२५ मध्ये ११८ कोटींना विकलं गेलं आणि सगळीकडे पहिल्या पानावर ११८ कोटी. पण चित्रात काय आहे? तेरा छोटी छोटी दृश्यं आहेत, १९५४ चं काम, जवळपास चौदा फूट लांब, खेड्यातलं रोजचं जगणं आहे त्यात, आणि कित्येक वर्षं ते नॉर्वेत ऑस्लोच्या एका हॉस्पिटलमध्ये टांगलेलं होतं. ही बातमी मला ११८ कोटींपेक्षा मोठी वाटते.

तेव्हा तुम्हाला मनापासून विनंती आहे. उद्घाटनाचा फोटो नको असं मी म्हणत नाही, कार्यकर्त्यांची, घरच्यांची हौस असते. पण दर गुरुवारी अर्धं पान द्या. त्यात येत्या आठवड्यात कुठे काय लागणार आहे ते, पत्ता, वेळ, बस स्टॉप कुठला, फुकट आहे की तिकीट आहे, आणि एक चित्र मोठं छापा, माणसं न घेता नुसतं चित्र, खाली कलाकाराचं नाव, कशावर काढलंय, किती फुटी आहे. आणि तुमच्या वार्ताहराला उद्घाटनाला न पाठवता दुसऱ्या दिवशी दुपारी पाठवा, गर्दी नसताना, तासभर थांबू द्या, आणि त्याला काय दिसलं ते लिहू द्या, आवडलं नाही तर तसं लिहू द्या. कलादालनांचं भाडं तीन आठवड्यांच्या बुकिंगला कमी करा ही मागणी तुम्ही अग्रलेखातून लावून धरली तर पालिकेला ऐकावं लागेल, आमच्यासारख्यांच्या अर्जांना कोण विचारतो.

अर्ध्या पानासाठी मजकूर लिहायला माणसं कमी पडणार नाहीत. माझ्या ओळखीतले निवृत्त कलाशिक्षक आहेत, कला महाविद्यालयातली मुलं आहेत, सगळे मानधन न घेता लिहायला तयार आहेत, मी त्यांच्याशी बोलूनच हे लिहितेय. पहिल्या चार आठवड्यांचा मजकूर आम्ही तुम्हाला आधीच आणून देतो, तुम्हाला पटला तर पुढचं बोलू.

आपली,
एक नियमित वाचक,
सहकारनगर, पुणे